पावलिक, पेक आणि पितळी पिस्तूल

वॉलिंगफर्डच्या अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये वर्षातून दोनदा जुन्या हत्यारांचा मेळावा भरायचा, आणि तिथली टेबलं आडनावाच्या अक्षरांप्रमाणे लावलेली असायची. पावलिकच्या शेजारी पेक. आडनावं काही बदलता येत नाहीत. त्यामुळे काझिमिर पावलिक आणि डॉक्टर एझ्रा पेक हे दोघं तेरा वर्षं एकमेकांपासून हाताच्या अंतरावर बसत होते आणि तेरा वर्षं एकमेकांशी चकार शब्द बोलत नव्हते.

अगदीच अडलं तर बोलणं काझिमिरच्या बायकोमार्फत, हालिनामार्फत व्हायचं.

"हालिना, त्या गृहस्थांना सांग, त्यांच्या टेबलाचं कापड माझ्या हद्दीत आलंय."

"मिसेस पावलिक, तुमच्या नवऱ्याला सांगा, कापड सुती आहे, चावत नाही."

"देवानं दोघांनाही कान दिलेत," हालिना म्हणायची. "मी रोल कापतेय, मला मध्ये घेऊ नका." घरून आणलेल्या खसखशीच्या रोलचा एक जाड काप ती कागदावर ठेवून मुकाट्यानं डॉक्टरांच्या टेबलावर सरकवायची. काझिमिर ते बघायचा आणि छताकडे पाहायला लागायचा.

काझिमिर न्यू ब्रिटनमधल्या एका कुलपांच्या कारखान्यात एक्केचाळीस वर्षं टूलरूममध्ये, म्हणजे साचे आणि अवजारं घडवायच्या खात्यात होता. केसाच्या जाडीचा फरक त्याच्या बोटांना कळायचा. पन्नास-एकावन्न साली फोरमननं जेवणाच्या डब्यातून एक पितळी पिस्तूल आणून त्याच्यासमोर ठेवलं होतं. चाप, घोडा, नळी सगळं नेहमीसारखं. पण पोटाखाली एक दांडी, तिच्या टोकाला बोट घालायला कडी. दांडी पुढं ढकलायची, मागं ओढायची, की पुढची गोळी आपोआप नळीच्या मागच्या तोंडाशी येऊन बसायची. रायफलीला असली दांडी सिनेमात सगळ्यांनीच पाहिलेली; पिस्तुलाला काझिमिरनं कधी पाहिली नव्हती. आणि हे घडवलं होतं त्याच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर, शंभर वर्षांपूर्वी, त्याच्यासारख्याच कुणी तरी, हातात कानस धरून.

पिस्तुलाचं नाव होतं 'ज्वालामुखी'. नावाला साजेसा जोर मात्र त्यात नव्हता. गोळीच्याच बुडाला पोकळी, तिच्यात चिमूटभर दारू. पंधरा पावलांवर जाड कोट घालून उभ्या असलेल्या माणसाला लागली तर तो मागं वळून "कोण आहे रे?" विचारेल, असं काझिमिर गिऱ्हाइकांना सांगायचा. कंपनी चार-दोन वर्षांत गुंडाळली गेली. पण काझिमिरला गोळीशी देणंघेणं नव्हतंच. त्याचा जीव अडकला होता त्या दांडीच्या चालीत.

त्याच्याकडे आता अशी चार पिस्तुलं होती. त्यातलं सगळ्यात देखणं, लांब नळीचं, क्रमांक ११३६. आणि नेमकी त्याचीच दांडी अडायची. पुढं मस्त जायची, मागं येताना शेवटच्या बोटभर अंतरावर हटून बसायची. कानशीचे दोन हात मारले असते की काम फत्ते. पण जुन्या वस्तूला कानस लावणं हे काझिमिरच्या लेखी पाप होतं. "ती अशी का झाली ते मला कळलं पाहिजे," तो म्हणायचा. तेरा वर्षं कळलं नव्हतं.

भांडणाचं मूळही तेच पिस्तूल. न्यू लंडनच्या लिलावात शेवटी दोघंच उरले होते, तो आणि पेक. पेक गिलफर्डचे दंतवैद्य, जुन्या घराण्यातले, कोटाच्या खिशात नेहमी पांढरा रुमाल. त्या दिवशी त्यांना सडकून सर्दी झाली होती. काझिमिरची बोली झाली, पेकांनी हात वर केला, आणि त्याच क्षणी त्यांना अशी शिंक आली की वर गेलेला हात नाकाशी आला. लिलाववाल्याचा हातोडा खाली पडला. पिस्तूल पावलिकचं. पेक ओरडले, वाद झाला, लिलाववाला ऐकेना. "मी काही पाहिलं नाही," काझिमिर म्हणाला होता. तिथून अबोला.

चौऱ्याऐंशी सालच्या ऑक्टोबरातल्या मेळाव्यात सकाळी दहाच्या सुमाराला एक ठसठशीत बाई दोन टेबलांच्या बरोबर मधोमध येऊन उभी राहिली. तिच्या हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता.

"मी रोझली डेफेओ," तिनं सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. "ईस्ट हेवनला शाळेची बस चालवते. मावशीच्या शिलाई मशीनच्या खणात हे सापडलं. हे काय आहे ते दारावरच्या माणसाला कळेना. म्हणाला, त्या दोन म्हाताऱ्यांना विचारा, पण एकदम विचारू नका."

तिनं झाकण उघडलं. आत बटणं, रिळं, आणि त्यांच्यात सुटं केलेलं एक पितळी पिस्तूल. नळी, मूठ, स्प्रिंगा, स्क्रू आणि कडीवाली दांडी.

दोघंही एकदम उठले. काझिमिरची खुर्ची मागं पडली. पेकांच्या चष्म्यानं नाक सोडलं.

"बाई, मी सातशे डॉलर देतो. आत्ता, रोख," पेक म्हणाले.

काझिमिर बायकोकडे वळला. "हालिना, या बाईंना सांग, सातशेत फार तर याची मूठ येईल. हजाराच्या खाली कुणी बोललं तर हसायचं."

"मिसेस पावलिक," पेक लालबुंद झाले, "यांना सांगा, हजार म्हणणारा माणूसही लबाडच. सगळे भाग असतील तर चौदाशे."

"चौदाशे! आणि नळीवरची अक्षरं इतकी स्वच्छ असताना? सोळाशे!"

एकमेकांना खोटं पाडण्याच्या नादात दोघांनी मिळून त्या बाईला खरा भाव सांगून टाकला होता. दोघांच्याही ते उशिरा लक्षात आलं. हालिना तोंडाला रुमाल लावून हसत होती.

"वा!" रोझली म्हणाली. "माझी बस भरून पोरं असतात, त्यांच्यातसुद्धा एवढा दंगा नसतो. ऐका. आज मी काही विकत नाही. आधी हे जोडून दाखवा. मला बघायचंय माझी मावशी खणात काय दडवून कपडे शिवत होती."

"दाखवतो," काझिमिर म्हणाला.

"दोघांनी मिळून," रोझलीनं बजावलं. "म्हणजे एखादा स्क्रू कुणाच्या खिशात जाणार नाही."

मग हॉलनं तेरा वर्षांत पाहिलं नव्हतं ते पाहिलं. पावलिक आणि पेक एकाच टेबलावर वाकले. बोलत अजूनही नव्हते. काझिमिरनं हात पुढं केला की पेक बरोबर तोच स्क्रू हातावर ठेवायचे. दवाखान्यात नर्स ठेवते तसा. काझिमिरला मनातून मान्य करावं लागलं की माणसाची बोटं कसबी आहेत. पेकांनी वरच्या खिशातून दात बघायचा छोटा आरसा काढला आणि पिस्तुलाच्या पोटात घालून तपासणी सुरू केली.

क्रमांक कुठं कुठं असतात ते दोघांनाही पाठ होतं: सांगाड्यावर, मुठीच्या आत, बाजूच्या पत्र्यावर. सगळीकडे ८०९ होतं. काझिमिर दांडी बसवायला गेला आणि थांबला. दांडीच्या मुळाशी, जिथून मोठा स्क्रू आरपार जातो, तिथं आतल्या अंगाला तांदळाच्या दाण्याएवढे आकडे होते. त्यानं ती उजेडात धरली. पेकांनी आरसा पुढं केला.

८०९.

पिस्तूल जोडलेलं असताना ही जागा सांगाड्याच्या आत दडते. तो मोठा स्क्रू कुणी जाणकार सहसा काढतच नाही. खाच खराब झाली की वस्तूची अब्रू जाते. त्यामुळे दांडीलाही क्रमांक असतो हे दोघांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं.

पिस्तूल जोडून झालं. रोझलीनं कडीत बोट घालून दांडी ढकलली, ओढली. खट्, खट्. "अगं बाई! हे तर चालतंय!" ती इतकी खूश झाली की तिनं दोघांच्याही गालाचा मुका घेतला आणि पिस्तूल डब्यात घालून, ते आता स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावणार म्हणत निघून गेली.

मेळावा संपायला दोन तास असताना पेकांनी आपली काचपेटी बंद केली आणि कुणाचाही निरोप न घेता ते घरी गेले. गालाच्या मुक्यानं माणूस बिथरला असेल, असं काझिमिरला वाटलं.

सोमवारी सकाळी काझिमिरनं गॅरेजमधल्या बाकावर ११३६ ठेवलं. त्या मोठ्या स्क्रूच्या खाचेत अचूक बसेल असा स्क्रू ड्रायव्हर त्यानं आधी घासून तयार केला. त्यालाच तासभर गेला. मग श्वास रोखून फिरवला. स्क्रू कुरकुरला आणि सुटला. दांडी हातात आली. काझिमिरनं डोळ्याला भिंग लावलं.

११६३.

तो स्टुलावर बसला. पुन्हा पाहिलं. एक, एक, सहा, तीन.

हा आकडा त्याला शोधावा लागला नाही. शेजारच्या टेबलावरच्या काचपेटीत टाइप केलेलं कार्ड होतं, ते तो तेरा वर्षं तिरक्या नजरेनं वाचत आला होता: 'क्रमांक ११६३. उत्तम स्थिती. विक्रीसाठी नाही.'

"हालिना!" तो ओरडला.

हालिना पिठाचे हात घेऊनच आली. त्यानं सगळं सांगितलं. कारखान्यात कुणा कामगारानं सहा आणि तीन उलटे वाचले असणार, एकाची दांडी दुसऱ्याला बसवली असणार. "सोमवार असणार," काझिमिर म्हणाला. "सोमवारी असंच होतं."

"म्हणजे तुझी दांडी दाताच्या डॉक्टरांकडे आणि त्यांची तुझ्याकडे?"

"हो."

"मग फोन कर."

"मी?"

"नाही, मी करते. सांगते, डॉक्टर, माझ्या नवऱ्याचं तुमच्याकडे काही तरी अडकलंय, तेरा वर्षं झाली, त्याला नीट झोप नाही."

"चेष्टा करू नकोस. मी फोन केला तर त्या माणसाची दांडीसुद्धा सुधारेल. फुकटात!"

"आणि नाही केलास तर?"

काझिमिरनं दांडी पुन्हा भिंगाखाली धरली. मंगळवार तसाच गेला. बुधवारी त्यानं दोनदा फोन उचलून ठेवला. हालिना कोबी चिरता चिरता म्हणाली, "तुला दांडीची चिंता नाहीये, काझिक. तुला वेगळंच काही तरी खातंय."

ती बरोबर बोलली होती. बायकोला त्यानं ते कधीच सांगितलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी त्यानं पिस्तूल फ्लॅनेलमध्ये गुंडाळून जेवणाच्या डब्यात ठेवलं आणि गाडी काढली. गिलफर्डला मैदानाजवळचं पेकांचं पांढरं घर त्याला माहीत होतं. एकदा तो उगाचच त्यावरून गेला होता, दोनदा म्हणा. त्यानं दार ठोठावलं. दार लगेच उघडलं. डॉक्टर एप्रन बांधून उभे होते, घरात बीन्स शिजल्याचा वास होता.

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मध्ये निरोप्या नव्हता.

"११३६," पेक म्हणाले.

"११६३," काझिमिर म्हणाला.

"मी रविवारी घरी आल्या आल्याच उघडलं," पेक म्हणाले. "तुम्हाला पत्र लिहून ठेवलंय. चार दिवस टेबलावर पडून आहे."

"पाठवलं का नाहीत?"

"तिकीट सापडेना."

"चार दिवस?"

"तुमच्या घरी फोन नाही का, पावलिक?"

काझिमिरला हसू फुटलं, ते त्यानं खोकला म्हणून दडपलं. "आत येऊ का? का दारातच बदली करायची?"

आत मागच्या खोलीत पेकांनी आपली जुनी दवाखान्याची खुर्ची आणि वरचा मोठा दिवा अजून ठेवला होता. खुर्चीजवळच्या ट्रेवर ११६३ सुटं करून मांडलेलं होतं. काझिमिरनं आपलं पिस्तूल काढलं. आता प्रश्न आला, आधी कुणी द्यायची.

"एकदमच देऊ," पेक म्हणाले. "तीन म्हटल्यावर."

"तीनवर, की तीन म्हणून झाल्यावर?"

"तुमच्याशी लिलावात बोली लावायला नको होती हे मला तेव्हाच कळायला हवं होतं," पेक म्हणाले. पण त्यांनी आपल्या हातातली दांडी काझिमिरपुढं धरली. नुसतीच. मोजलं नाही.

काझिमिरनं ती घेतली नाही.

"आधी एक सांगतो," तो म्हणाला. "मग द्यायची तर द्या. लिलावात मी पाहिलं होतं."

"काय पाहिलं होतं?"

"तुमचा हात. शिंकेच्या आधी तो वर गेला होता. माझ्या डोळ्यासमोर. लिलाववाल्यानं पाहिला नाही, पण मी पाहिला. आणि मी म्हणालो, पाहिलं नाही."

स्वयंपाकघरात भांड्याचं झाकण थडथडत होतं.

"मला माहीत होतं," पेक अखेर म्हणाले. "तुम्ही नेमके माझ्या हाताकडेच बघत होता."

"मग तेरा वर्षं बोलला का नाहीत?"

"कारण मला राग फक्त तुमचाच आला नव्हता." त्यांनी चष्मा काढून एप्रनला पुसला. "घरी येताना मी स्वतःला विचारलं, एझ्रा, तुझी बोली असती आणि तो पोलंडवाला शिंकला असता, तर तू काय केलं असतंस? आणि मला जे उत्तर मिळालं ते मला अजिबात आवडलं नाही. दंतवैद्य माणूस मी, रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसतो. मग तुमच्याशी बोलायचं तरी काय?"

काझिमिरनं आपलं पिस्तूल त्यांच्यापुढं सरकवलं. "पिस्तूल न्या," तो एकदम म्हणाला. "तेव्हा दिले तेवढेच द्या. ते तुमचं आहे."

"वेडे आहात का? तेरा वर्षं तुम्ही त्याला कानस लावली नाहीत. मी पाच मिनिटांत लावली असती. अडणारी दांडी मला सहन होत नाही. माझ्याकडे असतं तर आज माझीच दांडी माझ्याच हातून वाया गेली असती." त्यांनी दांडी काझिमिरच्या तळहातावर ठेवली आणि वरून बोटं मिटली. "बसवा. माझीही द्या इकडे. ती ढिली होती, सदा डुगडुगायची. लोकांना दाखवताना मी अंगठ्यानं दाबून धरायचो. 'उत्तम स्थिती' म्हणून कार्ड लिहिताना मला घाम फुटला होता."

आता मात्र काझिमिर मोकळेपणानं हसला. दोघं शेजारी शेजारी कामाला बसले. पेकांनी दिवा खाली ओढला, आरसा धरला. काझिमिरनं आधी पेकांची दांडी बसवून दिली. ती अशी बसली की जणू जागेनं तिला आत ओढून घेतलं. डुगडुगणं संपलं. मग त्यानं आपली बसवली, स्क्रू घट्ट केला, कडीत बोट घातलं आणि दांडी पुढं ढकलली. मागं ओढताना त्याचा हात सवयीनं शेवटच्या बोटभर अंतरावर थबकला. दांडी थबकली नाही. खट् करून घरात गेली.

"पुन्हा," पेक म्हणाले.

खट्.

"मला द्या बघू."

खट्. खट्. खट्.

"सोमवार असणार," पेक म्हणाले. "मी नेहमी म्हणतो, सोमवारी कुणाचा दात काढू नये."

तेवढ्यात करपल्याचा वास आला. पेक एप्रन सावरत धावले. बीन्स तळाशी लागले होते. तरी दोघांनी ते काळ्या ब्रेडबरोबर खाल्ले. काझिमिर म्हणाला, यात सॉसेज असतं तर करपलेलं कळलंही नसतं. पेक म्हणाले, माझ्या आईच्या बीन्समध्ये सॉसेज घालणाऱ्याला मी घरात घेतलं नसतं, पण आता तुम्हाला घेतलंच आहे. जेवताना पेकांनी त्याला विचारलं की टूलरूममध्ये ते आकडे कसे ठोकायचे. काझिमिरनं टेबलावर काटा-चमच्यानं ठोकून दाखवलं आणि टेबलाला एक बारीक खाच पडली. पेकांनी ती बोटानं चाचपली आणि म्हणाले, "अक्षर चांगलं आहे तुझं." 'तुझं' म्हणाले. त्यांच्या ते लक्षातही आलं नसावं.

काझिमिर दुपारी तीनला घरी पोचला. हालिना दारातच उभी होती.

"दोघंही जिवंत आहात?"

"दोघंही." त्यानं डबा टेबलावर ठेवला, पिस्तूल काढलं आणि उभ्या उभ्याच तिला सगळं सांगितलं. शिंकेचंही. ते सांगताना त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही.

हालिनानं ऐकून घेतलं. रागावली नाही. "एवढंसं ओझं, आणि तेरा वर्षं वाहिलंस," ती म्हणाली. मग तिनं एप्रनला हात पुसले. तेहतीस वर्षांत तिनं त्याच्या एकाही पिस्तुलाला कधी बोट लावलं नव्हतं. "दे बघू," ती म्हणाली.

तिनं कडीत बोट घातलं, दांडी पुढं ढकलली, मागं ओढली. पुन्हा एकदा. तिसऱ्यांदा जरा जोरात.

"बरी आहे," तिनं निकाल दिला आणि पिस्तूल त्याच्या हातात दिलं. "आता त्या डॉक्टरांना फोन कर आणि रविवारी जेवायला बोलाव. आणि विचार, त्यांना कोबीचे रोल चालतात का. नाही म्हणाले तर म्हणावं, चालवून घ्या."

काझिमिरनं फोन उचलला. या वेळी खाली ठेवला नाही.